ऑनर्सचं चौथं वर्ष करावं, की तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडावं?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, गुण चांगले आहेत, ‘ऑनर्स विथ रिसर्च’ करायची मनापासून इच्छा आहे, पण घरचे म्हणतात एक वर्ष फुकट जाईल. मी इथेच पदवीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो आणि हल्ली कुणी ना कुणी हे विचारतंच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांची शंका. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.एस्सी. मिळून पाच वर्षं होतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी. एका वर्षाचं होतं, म्हणजे पुन्हा पाचच. मात्र तुम्हाला ज्या विभागात जायचंय तिथे एका वर्षाचं एम.एस्सी. सुरू आहे का आणि त्याला जागा किती, हे आत्ताच विचारून ठेवा. तिथे ती सोय नसेल तर घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. आणि एमपीएससीची किंवा बँकेची तयारी करायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे, चौथ्या वर्षात अडकू नका. गोंदिया-गडचिरोलीहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलांना तर हे मी स्पष्टच सांगतो, कारण महिन्याचं भाडं आणि मेसचे पैसे घरून कसे येतात ते मला दिसतं.

आता ऑनर्सबद्दल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक, लागतात, चार वर्षांच्या पदवीला किमान १६०. चौथ्या वर्षात दोन वाटा आहेत. साधं ऑनर्स म्हणजे त्याच विषयाचे आणखी वरच्या पातळीचे पेपर. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ला पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सत्रात किमान ३० तास धरतात. त्या हिशेबाने प्रकल्पाचे ३६० तास झाले, आणि हे तास वर्गात मागच्या बाकावर बसून निघत नाहीत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली की एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत आहे.

मुलं या टक्क्यांपाशीच थांबतात. पण ७५ टक्के मिळाले म्हणजे संशोधन जमेलच असं नाही, आणि ६८ टक्के मिळाले म्हणून जमणार नाही असंही नाही. माझा अनुभव असा की वर्ष चांगलं जाणार की रडतखडत, हे ठरतं मार्गदर्शकावरून. ज्या सर-मॅडमच्या हाताखाली काम करणार, ते स्वतः काही शोधतायत का? आठवड्यातून एकदा तरी तुमची वही उघडून बघतील का? नाहीतर फेब्रुवारीत जुन्या प्रबंधांतले उतारे जोडून, स्पायरल बाइंडिंग करून प्रकल्प जमा होतो आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. हे मी होताना पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात बरेचदा चांगली मुलं असतात.

काही लागतं म्हणजे काय, ते सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या फिल्ड प्रोजेक्टमध्ये एका विद्यार्थिनीने नाग नदीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला घेतला. पद्धत जुनी, विंकलरची. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, येतो. पारडीकडच्या पाण्याला पांढरा साका आला. ती घाबरली, तिला वाटलं रसायनं खराब आहेत. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच अंबाझरी तलावाचं पाणी घेऊन आली, त्याच बाटल्यांतून तीच रसायनं घातली, तर गडद तपकिरी साका! म्हणजे रसायनं ठणठणीत होती. त्या ठिकाणच्या पाण्यात ऑक्सिजनच उरला नव्हता. ‘तलावाचं पाणी आणून बघ’ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या वर्षात नेमकं हेच शिकायचं असतं. तिला हे दुसऱ्या वर्षातच सापडलं, म्हणून मी तिला संशोधनाचीच वाट धर असं सांगितलं. तुमच्याही अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट असेल. तो उरकून टाकू नका. त्यात रमलात तर चौथं वर्ष घ्या. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

नागपूरला राहून संशोधन कुठे करणार, पुण्या-मुंबईला जावं लागेल, असं जे म्हणतात त्यांना आपलं गाव माहीत नाही. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८पासून इथे आहे. कापसासाठी केंद्रीय संस्था आहे, संत्र्या-मोसंबीसाठी वेगळी आहे, मातीच्या सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडवर आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथलंच. आणि भूविज्ञान घेतलं असेल तर ज्यांच्या नावाचं कॉलेज इथे १८८३पासून चालू आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनचं काम सांभाळून नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडायचे, हेही लक्षात असू द्या. या संस्थांत उगाच फोन करून कुणी दार उघडत नाही, पण विभागाचं पत्र आणि एका पानात नीट मांडलेला प्रश्न घेऊन गेलात तर निदान ऐकून घेतात. उन्हाळ्यासाठी तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप असते, तिचा अर्जही चुकवू नका. त्या दोन महिन्यांत जो अनुभव मिळतो तो चौथ्या वर्षाची सुरुवात सोपी करून टाकतो.

तर सहाव्या सत्राच्या निकालाची वाट बघत बसू नका. याच सत्रात तुमच्या विभागात जा. पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आहेत, संशोधनाच्या वाटेला मुलं किती घेणार, प्रयोगशाळा दुपारनंतर उघडी राहते का आणि रसायनांचा खर्च कोण करतं, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात, पण तोच पुढे नडतो. उत्तरं गुळमुळीत मिळाली तर तीन वर्षांत पदवी घ्या आणि जिथे काम चालतं अशा विभागात दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जा, त्यात कमीपणा काहीच नाही.

तुमचा मुख्य विषय कोणता ते लिहिलं नाहीत. तो कळवलात तर त्या विषयाचं काम नागपुरात कुठे चालतं ते खाली लिहीन.