वाचकांचे प्रश्न : जुन्या कॅराव्हॅनच्या ब्रेकचे सुटे भाग मिळवायचे कसे?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. एका शेतावर बरीच वर्षे पडून असलेली १९७२ सालची स्प्राइट अल्पाइन कॅराव्हॅन (मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर) मी विकत घेतली असून तिची दुरुस्ती घरीच करीत आहे. लाकूडकाम आणि पत्रा मार्गी लागला आहे. गाडे अडले आहे ते ब्रेकपाशी. चाकांचे ड्रम उघडले तेव्हा शूवरचे (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींवरचे) लायनर, म्हणजे घर्षणपट्टे, पार झिजलेले होते, एका चाकाची केबल गंजून घट्ट बसली होती आणि ऑइल सील फाटल्यामुळे ग्रीस शूपर्यंत पोहोचले होते. दुकानात कॅराव्हॅनचे नाव आणि साल सांगितले की सरळ नकार मिळतो. अल-को कंपनीचे २०० मिलिमीटरचे शू मात्र कुठेही मिळतात. ते बसवून चालेल का, की नवा अ‍ॅक्सलच घ्यावा? पुण्याचा माझा भाऊ म्हणतो, "शू इकडे पाठव, नाना पेठेतून लायनर लावून देतो." आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्याला नकार मिळतो याचे कारण भाग दुर्मिळ आहेत एवढेच नसून आपण चुकीचे नाव सांगत आहात, हेही आहे. सॅम अल्पर यांची स्प्राइट न्यूमार्केटच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिचा मालक असलेला कॅराव्हॅन्स इंटरनॅशनल हा समूह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाला. पण तो आज चालू असता तरी आपले काम फारसे सोपे झाले नसते, कारण कॅराव्हॅन बांधणारे बहुधा अ‍ॅक्सल, ब्रेक आणि मोटारीला अडकवण्याचा पुढचा जोड त्या त्या वस्तूच्या कारखानदाराकडून घेत असत. शिवाय पन्नास वर्षांत मधल्या एखाद्या मालकाने अ‍ॅक्सल बदललाही असेल. तेव्हा शोध घ्यायचा तो कॅराव्हॅनच्या नावाने नव्हे, तर प्रत्यक्ष लोखंडावरच्या खुणांनी आणि मापांनी.

अ‍ॅक्सलच्या नळीवर बहुधा मध्याजवळ एखादी पट्टी असते, जोडाच्या ओतीव अंगावर उठावदार अक्षरे असतात आणि ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव किंवा क्रमांक ठोकलेला असतो. त्या काळच्या ब्रिटिश ब्रेकवर लॉकहीड किंवा गर्लिंग ही नावे आढळतात. बाहेरचा गंज तारेच्या ब्रशने खुशाल काढा. ड्रमच्या आत मात्र ब्रश आणि हवेचा झोत या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजा. १९७२ च्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू) असणार असे गृहीत धरूनच ती भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, फडके पिशवीत बंद करावे आणि त्याची विल्हेवाट स्थानिक पालिकेच्या नियमांप्रमाणे लावावी.

आता २०० मिलिमीटरच्या शूबद्दल. ते बसवू नका, निदान ड्रम मोजल्याशिवाय तरी नको. जुने ब्रिटिश ब्रेक इंचांत बांधलेले असत आणि आठ इंच म्हणजे २०३.२ मिलिमीटर. फरक सव्वातीन मिलिमीटरचाही नाही, त्यामुळे नवा शू हातात धरून पाहिला तर सारखाच वाटतो आणि थोडी खटपट केली तर बसतोही. परंतु त्याची गोलाई ड्रमपेक्षा लहान असल्याने लायनर फक्त मधल्या पट्ट्यात टेकतो आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. हँडब्रेक ओढला की गाडी अंगणात जागची हलत नाही, म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि ब्रेकची खरी ताकद किती कमी आहे हे उतारावर मागून धक्का बसला म्हणजे समजते. रुंदीचेही तसेच आहे. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, तर अल-कोचा तो शू ५० मिलिमीटर रुंद असतो. व्हर्नियर कॅलिपर घेऊन ड्रमचा आतला व्यास तीन-चार दिशांनी मोजा. मापे एकमेकांशी जुळली नाहीत तर ड्रम अंडाकार झालेला आहे आणि तो आधी लेथवर खरादून घ्यावा लागेल. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असेल, तर त्यापलीकडे जायचे नाही.

माझ्या मते आपण नवे शू शोधण्यात वेळ घालवूच नये. शूचा लोखंडी सांगाडा शाबूत असेल, म्हणजे तो वाकलेला नसेल, त्याला तडा गेलेला नसेल आणि टेकण्याची टोके खड्डे पडून झिजलेली नसतील, तर त्यावर नवा लायनर चढवून घेणे हाच सरळ मार्ग आहे. जुन्या मोटारी आणि मोटारसायकलींसाठी हे काम करणारे कारागीर ब्रिटनमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. ते जुना लायनर काढून सांगाडा साफ करतात, नवा लायनर रिव्हिटने किंवा भट्टीत पक्क्या होणाऱ्या चिकटद्रव्याने बसवतात आणि सांगितल्यास आपल्या ड्रमच्या मापाने त्याची गोलाई घासून देतात. म्हणून शूबरोबर ड्रमही पाठवा आणि ब्रेक ओढल्या जाणाऱ्या वाहनाचा आहे, हे स्पष्ट लिहून द्या, म्हणजे लायनरचे द्रव्य त्यांना त्याप्रमाणे निवडता येईल. ग्रीस मुरलेला लायनर धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह मात्र टाळा. तापल्यावर ते ग्रीस पुन्हा वर येते.

दोन्ही ड्रम उघडले असले तरी एका वेळी एकाच चाकाचे भाग सुटे करा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती, कोणता शू पुढे होता, हे जुळणी करताना आठवत नाही, आणि दुसरी बाजू हाच त्या वेळी सर्वांत विश्वासू नकाशा ठरतो (ती उजव्या-डाव्या हातांसारखी उलटी असते, एवढे ध्यानात ठेवावे). शू टपालात टाकण्यापूर्वी कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढून घ्या. पार्सल गहाळ झाले तरी निदान माप आपल्याजवळ राहील.

बेअरिंग आणि सील यांची चिंता करू नका. बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक साऱ्या जगात चालतो. उदाहरणार्थ एल ४४६४३ हे बेअरिंग असंख्य ट्रेलरांमध्ये सापडते आणि कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. सीलसाठी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे पुरतात. केबलच्या बाबतीत बाहेरच्या आवरणाची लांबी, आतल्या तारेची एकूण लांबी आणि दोन्ही टोकांची घडण सांगितली, की जुन्या वाहनांच्या केबल बनवणारे तशीच नवी करून देतात. एक गंजली असेल तर दोन्ही बदला, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढू लागेल.

नवा अ‍ॅक्सल घेण्याची कल्पना दिसते तितकी सोपी नाही. या कॅराव्हॅनचा ब्रेक तिच्या स्वतःच्या रेट्यावर चालतो : मोटार मंदावली की कॅराव्हॅन पुढे सरकते, जोडातला दांडा आत दाबला जातो आणि तो रॉड व केबल ओढून शू पसरवतो. मागे जातानाही हाच दाब पडतो, म्हणून जुन्या जोडावर हाताने अडकवायचा खटका असतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८२ पासून बनलेल्या अशा ट्रेलरांना हायड्रॉलिक डँपर (धक्का शोषणारा भाग) असलेला जोड आणि १ एप्रिल १९८९ पासून मागे जाताना आपोआप सुटणारे ब्रेक सक्तीचे झाले. आपली १९७२ ची कॅराव्हॅन यातून मुक्त आहे. पण जोड, रॉडची व्यवस्था आणि चाकातले ब्रेक हा एकमेकांशी जुळवलेला संच असतो. अ‍ॅक्सल नवा घेतला तर जोडही त्याच्याशी जुळणारा घ्यावा लागेल आणि खर्च कुठल्या कुठे जाईल. अ‍ॅक्सलची नळी गंजून पोखरली असेल, तरच या वाटेला जावे.

आपल्या बंधूंच्या सूचनेविषयी. नाना पेठेतल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. अडचण मालाची आहे. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, ब्रिटनमध्ये मात्र १९९९ पासून त्याची आयात, विक्री आणि वापर निषिद्ध आहे. लायनरमध्ये ते नाही अशी लेखी हमी कारखान्याकडून मिळत नसेल, तर असे शू मागवणे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे आहे आणि घरच्या गॅरेजमध्ये ते घासणे आरोग्याच्या दृष्टीने त्याहून वाईट.

स्प्रिंगा, खटके, जोडाचे बुश असे किरकोळ भाग हिस्टॉरिक कॅराव्हॅन क्लबसारख्या संस्थांच्या सभासदांकडे चौकशी केल्यास किंवा हॅम्पशायरमधील ब्यूलीच्या सप्टेंबरमधल्या जुन्या भागांच्या बाजारात मिळू शकतात. तिथे जाताना जुना तुकडा आणि कॅलिपर खिशात असू द्या.

जुळणी करताना कॅराव्हॅन लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) पक्की उभी करून प्रथम केबल आणि रॉड ढिले ठेवा व शू ड्रममध्ये जुळवा, नंतर केबलचा ताण, शेवटी रॉड. हा क्रम उलटा केला तर शू अर्धवट ओढलेले राहतात आणि दोष नव्या लायनरच्या माथी येतो. कॅराव्हॅनला ब्रिटनमध्ये एमओटी (वाहनांची वार्षिक) तपासणी लागत नाही, तरीही ब्रेक सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच असते. म्हणून रस्त्यावर आणण्यापूर्वी 'अप्रूव्हड वर्कशॉप' या कॅराव्हॅन-दुरुस्तीच्या योजनेतील एखाद्या कारागिराकडून ब्रेक, तसेच जोड तुटल्यास हँडब्रेक ओढणारी सुरक्षा-केबल, अशी दोन्ही तपासून घ्यावीत.