धुकं फोटोत मळकट का येतं?

प्रश्न : मी सोलापुरात शाळेत शिकवते. हिवाळ्यात भुईकोट किल्ल्याजवळच्या बागेत सकाळी कधी कधी धुकं उतरतं, तेव्हा कॅमेरा घेऊन जाते. डोळ्यांना सगळं पांढरंशुभ्र दिसतं, फोटोत मात्र मळकट येतं. लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली, 18-55. ओळखीचे म्हणतात, एडिटिंग ॲपमधलं धुकं काढणारं 'डीहेझ' वाढवा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा, झालं फाइन आर्ट. फिरायला येणारी माणसंही मध्ये येतात. काय करू?

उत्तर : ताई, त्या डीहेझला आधी लांबूनच नमस्कार करा. धुक्यासाठी थंडीत उठायचं आणि घरी येऊन तेच पुसून टाकायचं, हा कुठला न्याय?

मळकटपणा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरमुळे येतो. समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचंच असणार, असं तो धरून चालतो. चौकटभर धुकं दिसलं की तो उजेड कमी करतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, +1 ठेवा, दाट धुक्यात दीडपर्यंत न्या. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा छटांचा आलेख, उजवीकडे सरकू द्या, फक्त कडेला आपटू देऊ नका. फोकस चाचपडत राहिला तर काळ्या खोडाच्या कडेवर धरा.

आता चौकटीचं. आपल्याकडचं धुकं महाबळेश्वरचं नव्हे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवेत ओल असेल तर रात्री जमीन थंड होते आणि जमिनीलगत धुकं धरतं. ऊन चढलं की विरतं. संध्याकाळी हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, बघा. पहाटेचं तापमान त्याच्या आसपास उतरणार असेल आणि वारा नसेल, तरच गजर लावा. अशा पातळ धुक्यात लेन्स 18 वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवून काढलं तर पुढची फरशी आणि कचऱ्याचा डबा स्वच्छ दिसतो, धुकं मागे कुठेतरी बोटभर. झूम करून 55 वर जा. जवळचं एक झाड, त्यामागे दुसरं, त्याहून लांब तिसरं, असं उभं राहायची जागा शोधा. जवळचं काळं, मधलं करडं, शेवटचं जेमतेम : चित्रातली खोली या छटांमधूनच येते. सूर्य झाडामागे घेतलात तर धुकं उजळतं. नवी लेन्स घेऊ नका, ते पैसे प्रिंटला लागतील. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. होम मैदानावरून येतो तो धुरळा, धुकं नव्हे!

फाइन आर्टचं म्हणाल, तर रंग काढल्यानं कला होत नाही. युजेन आत्जे हा फ्रेंच छायाचित्रकार 1925 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, पॅरिसजवळच्या सो इथल्या ओसाड बागेत जुना लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन पुन्हा पुन्हा जात होता. काही फोटोंवर त्यानं महिना आणि सकाळचे किती वाजले तेही लिहून ठेवलं. आपल्या कामाला तो कला म्हणत नसे, कागदपत्रं म्हणे. आज ती चित्रं संग्रहालयात आहेत. तुम्हीही बाग एकच ठेवा, शक्यतो झाडंही तीच, आणि अख्खा हिवाळा काढा. त्यातले सहा-सात फोटो शेजारी ठेवून एकमेकांना धरून बसतात का ते बघा. रंग त्यानंतर ठरवा. कोवळ्या उन्हाची पिवळसर झाक हवी असेल तर ती कशाला मारायची?

माणसं राहू द्या की. स्वेटर-मफलरवाले एखादे आजोबा लांबच्या झाडापाशी पोचले की बटण दाबा. चेहरा ओळखू येत नाही, आणि झाड केवढं मोठं आहे ते कळतं. घोळका आला तर थांबा. भडक जॅकेटवाला आला तर तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायला माझी हरकत नाही.

प्रिंट मॅट कॉटन पेपरवर काढा. चकचकीत कागदावर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि फिकट छटा त्यातच हरवतात. कागदावर चित्र स्क्रीनपेक्षा गडद उतरतं, म्हणून आधी हाताएवढा तुकडा छापून खिडकीच्या उजेडात बघा, मगच मोठी ऑर्डर द्या.