ओझं कुणाचं होतं?

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या पत्राचा फोटो मिळाला. 'यू आर रिलीव्ड ऑफ युवर ड्यूटीज' वाचून तू विचारतोस, 'सर, रिलीफ म्हणजे दिलासा ना? मग मला कसला दिलासा दिला यांनी?' चार वर्षं तासिका तत्त्वावर राबलास आणि अजून शब्दकोशातली पहिलीच ओळ धरून बसलायस! मिटव तो. ओझं कुणाचं होतं आणि हलकं कोण झालं, तेवढं बघ.

'रिलीफ' हे नाम, 'रिलीव्ह' क्रियापद. मागच्या अर्जात 'प्लीज रिलीफ मी' लिहिलं होतंस, विसरलो नाही मी. मूळ लॅटिन, अर्थ उचलणं, हलकं करणं. वेरूळला भिंतीतून उठून आलेली शिल्पं आहेत ना, त्यांनाही इंग्रजीत रिलीफच म्हणतात.

खरी गोम 'ऑफ'मध्ये आहे. त्याच्या पुढं येतं ते काढून घेतलेलं. ते जड होतंच असं कुणी सांगितलं? खिसेकापूनं पाकीट मारलं तरी इंग्रज मिस्कीलपणे म्हणतो, 'ही रिलीव्ड मी ऑफ माय वॉलेट.' पहारेकऱ्याच्या जागी दुसरा आला की पहिला रिलीव्ह होतो, आणि त्याला बिचाऱ्याला खरंच घरी जायचं असतं. तुला जायचं होतं काय? म्हणून म्हणतो, ओझं कुणाचं ते बघ.

1972च्या दुष्काळात माझी आई रिलीफच्या कामावर खडी फोडायची, पाटी वाहायची, सुकडी पदरात बांधून आणायची. पुढं वर्गात या शब्दाचा अर्थ 'भार हलका करणे' असा शिकवायची वेळ आली, की मला तिची मान आठवायची.

आता सांगतोच. आमच्या संस्थेनं एका सहकाऱ्याला काढलं तेव्हा इंग्रजी मसुदा माझा होता. त्यांना 'रिमूव्ड' हवं होतं, मी 'रिलीव्ड' घातलं. पुढच्या नोकरीत त्याला अडचण नको, म्हणून. खरंच म्हणून. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं 'रिमूव्ड'च लिहिलं असतं की! पत्र वाचून तो एवढंच म्हणाला, 'मोकळं केलंत म्हणा.' चहा न घेता गेला.

तुझ्या पत्रात अजून एक चलाखी आहे: कर्ताच नाही. कुणी रिलीव्ह केलं? उत्तरात तू कर्ता घाल. 'द कॉलेज रिलीव्ड मी ऑफ माय ड्यूटीज. आय डिड नॉट रिझाइन.' आभार मानायचे नाहीत, कळलं का? शेवटी थकलेल्या तासिकांचं मानधन माग, महिनेवार.

रविवारी मसुदा घेऊन ये. मूळ पत्रही आण, फोटोत तारीख दिसत नाही.

तुझा,
सर