मोल्दोवासारखा छोटा देश शस्त्रनियंत्रण करारात मोठ्या देशांसमोर काय करू शकतो?

वाटतं त्यापेक्षा बरंच काही, पण शेवटपर्यंत नेणं अवघड जातं. मोल्दोवाच्या ट्रान्सनिस्ट्रिया या फुटून निघालेल्या पट्ट्यात सोव्हिएत काळापासूनचं रशियन सैन्य बसलेलं, आणि घटनेच्या कलम ११ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की देश तटस्थ, परकी सैन्य चालणार नाही. मग त्यांनी काय केलं, युरोपातले रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं यांच्यावर मर्यादा घालणारा १९९० चा सीएफई करार होता त्याचाच आधार घेतला. १९९९ ला इस्तंबूलमध्ये सुधारित करार झाला, त्यात यजमान देशाच्या संमतीशिवाय तिथे सैन्य ठेवायचं नाही हे तत्त्व आलं आणि रशियाने २००२ अखेर सगळं सैन्य काढायचं कबूल केलं.

रणगाडे वगैरे २००१ मध्ये गेले पण! हे मला फार मोठं यश वाटतं, एवढ्याशा देशाने एकही गोळी न झाडता मिळवलेलं. सैन्य मात्र राहिलं, आणि ट्रान्सनिस्ट्रियातल्या कोबास्ना गावाजवळच्या डेपोत सुमारे २०,००० टन जुना दारूगोळा अजून पडून आहे, स्फोट झाला तर आजूबाजूच्या गावांचं काय होईल विचार करा.

नाटो देशांनी मोल्दोवा आणि जॉर्जियातून रशियन सैन्य हलत नाही तोवर सुधारित करार मंजूर करणार नाही अशी भूमिका घेतली, म्हणजे छोट्या देशाचा प्रश्न अख्ख्या कराराची अट बनला. पण रशियाने २००७ मध्ये मूळ सीएफई करारच स्थगित केला, २०२३ मध्ये सोडलाच, आणि मोल्दोवाच्या हातातली पकडच गेली.