आधी मेहनतीचा घाम गोळा कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. माणसाची भीती घामाच्या वासातून दुसऱ्याला कळते का, हा तुझा संशोधनाचा विषय. गाईड म्हणतात, 'भीतीच्या वासातला रेणू सांग, नाहीतर विषय बदल,' आणि तू लगेच विषय बदलायला निघालास. हे मला पटलेलं नाही.

तो रेणू जगात अजून कुणालाच सापडलेला नाही. पण त्याआधीचा प्रश्न तुला कुणी विचारला नाही, तो मी विचारतो. तुलनेचा घाम कुठंय?

खासबागेत कुस्तीआधी पैलवानाच्या काखेत कापसाची पट्टी ठेवायची, इथवर तुझा आराखडा चांगला आहे. पण त्याच पैलवानाचा, तालमीत पहाटे जोर-बैठका मारतानाचा घाम त्यात नाही. मग हुंगणाऱ्याला कळली ती धास्ती की नुसती मेहनत, हे कशावरून ठरवणार?

जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या लोकांनी २००९ साली तोंडी परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यांचा घाम घेतला आणि त्याच विद्यार्थ्यांचा व्यायामाच्या सायकलवरचाही घेतला. हुंगणाऱ्यांपैकी अनेकांना वास जाणवलासुद्धा नाही, तरी परीक्षेच्या घामाला मेंदूचा प्रतिसाद वेगळा दिसला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधक मुहिका-पारोडी यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विमानातून उडी मारणाऱ्यांचा घाम घेतला. तुलनेला ट्रेडमिलवर धावतानाचा होताच. उडीच्या घामानं हुंगणाऱ्यांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीशी निगडित भाग, चेतवला. या निष्कर्षांना वजन आहे ते ट्रेडमिलमुळे आणि सायकलमुळे. रेणू त्यांच्याकडेही नव्हता.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे संशोधक डी ग्रूट यांचा २०१२ चा प्रयोग तू वाचला आहेस, तरी परत वाच. भीतीच्या घामानं श्वास मोठा झाला, किळसेच्या घामानं आखडला. त्यांच्याकडे दोन भावना समोरासमोर होत्या. तुझ्याकडे एकच आहे. तुलनेचा घाम!

काखेतल्या अ‍ॅपोक्राइन नावाच्या घामाच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिननं चेततात. त्यांचा ताजा स्राव जवळपास बिनवासाचाच असतो. वास येतो तो कॉरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू तो फोडतात तेव्हा. म्हणून पट्टी कधी काढली, किती वेळात गोठवली, हे दोन्ही वेळा सारखंच हवं. लसूण, अत्तर, वासाचा साबण आधीचे दोन दिवस बंद. पैलवानांना तांबडा-पांढरा सोडायला सांगणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगायचं. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल असतं, त्यामुळं दोन्ही पट्ट्या मातीत उतरायच्या आधीच्याच घे.

आणि 'फेरोमोन', म्हणजे एका प्राण्यानं सोडलेलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्याचं वागणं बदलणारं रसायन, हा शब्द खोडून टाक. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून बॉम्बिकॉल हे मादी नराला बोलावताना सोडते ते रसायन वेगळं केलं, तेव्हा त्यांना तो शब्द शोभला. माणसाबाबत तसा पुरावा नाही. अत्तराच्या धंद्यातल्या एकाला माझ्याकडून हाच शब्द लेखी हवा होता. मी दिला नाही. पैसे थांबले, माझ्याकडची मुलं पोटापाण्यासाठी पुण्याला गेली आणि या विषयाकडे परत वळली नाहीत. त्याची खंत अजून जात नाही. लोक हेकट म्हणाले. म्हणोत. तुलनेचा घाम नसताना सही करायची नसते, आणि उद्या कुणी मागितली तरी मी करणार नाही.

तू तालमीत वाढलास. पहाटेचा घाम मागायला तुझ्याइतकं हक्कानं तिथं कोण जाईल? दोन्ही पट्ट्यांवर नुसते आकडे टाक, कुठली कुठली हे तिसऱ्याच माणसाकडे राहू दे. हुंगणाऱ्याला कळता कामा नये, तुलाही नाही. एवढं पानभर लिहून सोमवारी गाईडना दाखव आणि विभागात उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का ते त्याच दिवशी विचार.

तुझा,
सर