बोंबील आणि बांगडा यांत एवढा फरक का?

आपला प्रश्न असा आहे की, बोंबील आणि बांगडा हे दोन्ही मासे साधारण वीतभर लांबीचे आणि बाजारात एकाच पाटीत शेजारी शेजारी मिळणारे असूनही, एकच मसाला लावल्यावर एक तव्यावर विरघळतो आणि दुसरा अखंड राहतो, हे कसे? मी मूळचा मालवणचा असून नोकरीनिमित्त वसईत राहतो. बांगड्यावर वाढलेल्या माणसाने पहिल्यांदा ओले बोंबील आणून त्यांचे तिरफळे घातलेले तिखले, म्हणजे आमच्याकडचे माशाचे तिखट कालवण, केले, तेव्हा टोपात फक्त काटे आणि लगदा उरला होता, हे आधीच सांगून टाकतो.

फरकाचे मूळ मांसात आहे. बोंबलाच्या मांसात सुमारे 85 ते 90 टक्के पाणी असते. बांगडा मात्र सुरमई आणि कुपा यांच्याच कुळातला, थव्याने सतत पोहणारा मासा आहे. त्यासाठी लागणारे स्नायू घट्ट असतात आणि त्यांत तेलही भरपूर असते. बांगडा कापल्यावर मधल्या काट्यालगत जो गडद तांबडा पट्टा दिसतो, तो याच अखंड पोहण्याचा स्नायू होय. कित्येक जण तो काढून टाकतात, मला तो सर्वांत चविष्ट वाटतो.

दोघांची तोंडे उघडून पाहिली तर आहारही कळतो. बोंबलाचा जबडा डोक्याच्या मानाने अवाढव्य असतो आणि त्यात आत वळलेले सुईसारखे दात असतात, कारण तो जवळा, कोळंबी आणि प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लेही गिळणारा शिकारी आहे. बांगड्याच्या तोंडात कल्ल्यांच्या लांब, पिसांसारख्या झालरी दिसतात. त्यांतून तो पाण्यातले सूक्ष्म प्लवक गाळून घेतो. दिसायला गरीब वाटणारा बोंबील खरा हिंस्र, ही गंमत मला अजूनही पटकन पचत नाही.

बोंबील मुख्यतः गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळतो, दक्षिणेकडे तो विरळ होत जातो आणि पुढे थेट बंगालच्या उपसागरात पुन्हा भेटतो. म्हणूनच आमच्याकडे तो सुकाच माहीत होता. तो धरण्यासाठी डोल जाळे लावतात: खुंटांना बांधलेली नरसाळ्यासारखी लांब पिशवी, जिचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे असते, म्हणजे जाळे जागेवर राहते आणि पाणीच मासा आणून देते. बांगड्याचा थवा मात्र घेरावा लागतो, पूर्वी किनाऱ्यावरून माणसांनी ओढलेल्या रापणीने आणि आता बहुतेक पर्ससीन जाळ्याने.

मांसातल्या पाणी-तेलाच्या फरकामुळे सुकवण्याच्या पद्धतीही वेगळ्या झाल्या. वसई-अर्नाळ्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूंना बांधलेल्या दोरीवर टांगतात आणि मिठाशिवाय, नुसत्या उन्हा-वाऱ्यावर सुकवतात. बांगड्याचे तेल अशा उन्हात खवट होईल, म्हणून तो चिरून मिठात खारवावा लागतो.

घेताना बोंबील गुलाबीसर झाक असलेला आणि चकचकीत असावा. बांगड्याचे कल्ले लालभडक, पोट टणक आणि मासा बर्फात असावा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होते, ते शिजवूनही जात नाही आणि अंगावर गांधी उठू शकतात.

तव्याचे म्हणाल तर, बोंबील उभा चिरून, मधला काटा काढून, स्वच्छ फडक्यात गुंडाळावा आणि त्यावर पाटा किंवा भरलेले जड पातेले अर्धा तास ठेवावे. ही युक्ती मला आमच्या मासेवाल्या मावशींनी, तिखल्याची हकीगत ऐकून पोटभर हसल्यावर, शिकवली. फडके चिंब भिजले की मगच मसाला लावून रव्यात घोळवावा. बांगड्याला यातले काही लागत नाही. दोन्ही बाजूंना आडव्या चिरा द्याव्यात, मसाला आत जातो.