स्विचचा लॉग सकाळी कोरा का असतो?

प्रश्न : अंबडला आमचं युनिट आहे. नेटवर्कचा मुख्य स्विच (सगळे कॉम्प्युटर जोडणारा डबा) अधूनमधून रात्री आपोआप रिस्टार्ट होतो. सकाळी लॉग (त्याने ठेवलेली घडामोडींची नोंद) उघडावा तर आदल्या रात्रीचं काहीच नाही. कारण कसं शोधायचं?

तुमचा लॉग स्विचच्या रॅममध्ये आहे. स्विच बंद पडला की तोही गेला. तो बाहेर पाठवा. ऑफिसात पडून असलेल्या पीसीवर लिनक्स टाका, आरसिसलॉग (लॉग गोळा करणारा प्रोग्राम) चालू करा, पीसीला कायमचा आयपी द्या आणि स्विचमध्ये सिसलॉग (नेटवर्कवरून लॉग पाठवायची पद्धत) सर्व्हर म्हणून तो आयपी भरा. पोर्ट (संदेश ज्या क्रमांकावर येतात तो) ५१४, पाठवायची पद्धत यूडीपी. पीसी यूपीएसवरच ठेवा, नाहीतर दोघंही एकदमच झोपतील.

बहुतेकजण अडकतात ते पुढे. आरसिसलॉग बाहेरचे संदेश आपणहून घेत नाही. त्यातला यूडीपीचा भाग सुरू करावा लागतो, फायरवॉलमध्येही पोर्ट उघडावा लागतो. यूडीपीला पोचपावती नसते, त्यामुळे ऐकणारं कुणी नसलं तरी स्विच बिनतक्रार पाठवत राहतो. म्हणून स्विचच्या रिकाम्या सॉकेटला लॅपटॉप लावा आणि केबल काढा. पीसीवर 'लिंक डाऊन'ची ओळ उमटली तरच काम झालं म्हणा.

मग रिस्टार्टच्या आधीच्या ओळी वाचा. तापमान, पंखा, पॉवर सप्लाय यांची कुरकुर दिसली तर दोष स्विचचा असू शकतो. काहीच नसेल तर आधी वीजजोडणी आणि यूपीएसची बॅटरी बघा, कारण वीज अचानक गेली तर स्विचला निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही. स्विच सिस्कोचा असेल तर 'शो व्हर्जन' या कमांडमध्ये रिस्टार्टचं कारणही दिसतं.

प्रश्न : पिंपळगावला आमचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. राऊटरच्या लॉगची वेळ सीसीटीव्हीशी जुळत नाही.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर राऊटर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. रात्री २:१० ला घडलेलं त्याच्या लेखी आदल्या दिवशीचं २०:४०. टाइमझोन बदला. फरक वेडावाकडा असेल तर घड्याळच चुकलंय. राऊटर आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) दोन्ही एकाच एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या) जोडा. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत तारखेसोबत वर्ष नसतं, झोनही नसतो, म्हणून मागाहून हे निस्तरणं फार त्रासाचं.

प्रश्न : लॉगची लेव्हल (० पासून कोणत्या आकड्यापर्यंतच्या नोंदी पाठवायच्या) कितीवर ठेवायची? आमच्या माणसाने ७ केली, डिस्क भरली.

७ म्हणजे डीबग, अगदी बारीकसारीक नोंदीसुद्धा. आकडा लहान तितकी गोष्ट गंभीर; ० म्हणजे उपकरण निकामी. पण घाबरून ४ वर आणू नका. सिस्कोत कुणी सेटिंग बदललं तर ती नोंद ५ ची असते, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं. ६ ठेवा.

प्रश्न : लॉग किती दिवस ठेवायचे?

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी १८० दिवस. लिनक्सचं लॉगरोटेट (जुने लॉग आवरणारा प्रोग्राम) बऱ्याचदा महिनाभरानंतरच्या फायली आपोआप उडवतं. आठवड्याला एक फाइल असेल तर तिथला ठेवायच्या फायलींचा आकडा २६ करा.